काडतुसाची पारख

एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्या कागदावर एकमेकींच्या किती जवळ बसतात, त्यावर रायफलीची आणि काडतुसाची अचूकता ठरते. छिद्रांच्या या पुंजक्याला चांदमारीच्या मैदानावर सगळे ‘ग्रुप’ म्हणतात. ग्रुप लहान येणे ही एक गोष्ट आणि तो टार्गेटच्या मध्यावर येणे ही दुसरी. मध्यावरून सरकलेला ग्रुप साइट फिरवून जागेवर आणता येतो. विखुरलेला ग्रुप साइट कितीही फिरवली तरी आवळत नाही. नेमबाज, रायफल आणि काडतूस या तिघांचाही त्यात वाटा असतो. त्यातला काडतुसाचा वाटा वेगळा काढून दाखवणे म्हणजे काडतुसाची पारख. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम अधिक कठीण होते, कारण तिथे पहिल्यानंतरचे प्रत्येक काडतूस माणसाच्या हाताने नव्हे, रायफलीच्या यंत्रणेने चेंबरमध्ये जाते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाशी या विषयाचा जुना संबंध आहे. घोड नदीकाठचे शिरूर ही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनी सरकारची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथूनच निघालेली पलटण दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी लढली. पूना हॉर्स या घोडदळाचा तळही पुढे बराच काळ शिरूरला होता. त्या वेळच्या पायदळ शिपायाकडे गुळगुळीत नळीची, तोंडाकडून ठासायची बंदूक असे. तिचे काडतूस म्हणजे हाताने वळलेली कागदाची सुरळी. आत मापून घातलेली दारू आणि शिशाची गोळी. शिपाई दातांनी कागद फाडी, चिमूटभर दारू रंजकासाठी टाकी, उरलेली नळीत ओतून वरून गोळी गजाने ठाशी. रंजकात किती गेली, घाईत किती सांडली, यावर प्रत्येक बाराचा जोर बदले. गोळी नळीपेक्षा बारीक असल्याने ती आत नीट बसतही नसे. शंभर पावलांपलीकडच्या एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसे, म्हणून सगळी रांग एकदम बार काढी. काडतूस हाताने भरलेले होते, पण एक काडतूस दुसऱ्यासारखे नव्हते. पुढच्या दोनशे वर्षांत काडतुसात झालेली जवळजवळ प्रत्येक सुधारणा ‘मागच्यासारखेच पुढचे’ या एका मागणीतून आली आहे.

आज या भागातले नेमबाजीचे मोठे ठिकाण दौंड. भीमेकाठच्या या रेल्वे जंक्शनच्या गावी राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, आणि जवळच नानवीजला दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. पोलीस दलांत वर्षानुवर्षे वापरात असलेली अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल, सर्वांच्या तोंडची एस.एल.आर. बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीच्या आराखड्यावरून ती पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार झाली. मॅगझिनमध्ये वीस राउंड बसतात. चाप एकदा ओढला की एकच राउंड सुटतो. नळीतून वळवलेला गॅस पिस्टन मागे ढकलतो, पिस्टन बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि परत येणारा बोल्ट पुढचे काडतूस मॅगझिनमधून ओढून चेंबरमध्ये घालतो.

पोलिसांना मिळणारा दारूगोळा कारखान्यातून लॉटने येतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा १९६४ चा. दोन्हीकडे लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. एका लॉटमधली पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी शक्य तितकी एकसारखी राहील असे पाहिले जाते. लॉट बदलला की दारूची खेप बदलते, गोळ्या घडवणाऱ्या साच्याची झीज पुढे सरकलेली असते, आणि तीच रायफल तोच नेम ठेवूनही जरा वेगळ्या जागी मारते. म्हणून पेटीवरचा लॉट क्रमांक ग्रुपच्या कागदावर उतरवून घेणे ही पारखीची पहिली पायरी.

काडतूस घरी हाताने भरण्याची पद्धत अमेरिकेसारख्या देशांत रूढ आहे. ओहायो राज्यातील कॅम्प पेरीच्या मैदानावर १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा होत आल्या आहेत, आणि तिथे सर्व्हिस रायफल गटात उतरणारे अनेक नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि अर्धस्वयंचलित रायफल सामान्य नागरिकाला साध्या परवान्यावर मिळत नाही. चांदमारीनंतर रिकाम्या पुंगळ्याही मोजून जमा कराव्या लागतात. जितके राउंड दिले तितक्या पुंगळ्या भरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. त्यामुळे इथले काम काडतूस भरण्याचे नसून आलेले काडतूस पारखण्याचे आहे. पारखण्याची रीत मात्र हाताने भरलेल्या आणि कारखान्यात भरलेल्या काडतुसाला सारखीच लागू पडते.

काडतुसाची परीक्षा घ्यायची तर बाकीचे सगळे घटक जागच्या जागी धरून ठेवावे लागतात. कारखान्यात त्यासाठी जाड नळी भक्कम बैठकीत आवळून चाप दुरून ओढतात. मैदानावर ती सोय नसते. तिथे रायफल वाळूच्या पोत्यांवर टेकवतात. पोते हँडगार्डखाली, दर खेपेला त्याच जागी येते आणि नळीला कशाचाही स्पर्श होऊ देत नाहीत. मॅगझिनही जमिनीला टेकू देत नाहीत, कारण टेकलेले मॅगझिन रायफलीला वेगळा हिसका देते. गाल दस्त्यावर त्याच जागी, खांद्याचा दाब तितकाच, श्वास अर्धा सोडून रोखलेला आणि चाप सावकाश मागे: जवानाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलीच ही शिस्त परीक्षेतही लागते. नळी सुरुवातीला कोरडी असावी लागते. साठवणीत लावलेले तेल पुलथ्रू आणि चिंधीने काढले नाही तर पहिल्या एकदोन गोळ्या इतरांपासून दूर जातात. काडतुसाचा त्यात काहीच दोष नसतो.

साइटला हात लावण्याआधी ग्रुप घ्यायचा, हा नियम. एस.एल.आर.च्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर सुमारे ५५ सेंटिमीटर आहे. फोरसाइट, म्हणजे पुढची साइट, एक मिलिमीटर वरखाली झाली तर शंभर मीटरवर गोळी सुमारे १८ सेंटिमीटर सरकते. फोरसाइट वर गेली की गोळी खाली बसते, खाली गेली की वर. मिलिमीटरच्या दहाव्या भागालाही कागदावर पावणेदोन सेंटिमीटरची किंमत आहे. परीक्षेच्या मधेच कोणी साइट फिरवली तर त्याआधीची आणि नंतरची छिद्रे एका हिशेबात धरता येत नाहीत. म्हणून काडतूस पारखताना ग्रुप कुठे बसला याकडे आधी लक्ष देत नाहीत, तो किती पसरला एवढेच मोजतात. झिरोइंग, म्हणजे ग्रुप मध्यावर आणणे, हे लॉट पक्का झाल्यानंतरचे काम.

अर्धस्वयंचलित रायफलीत आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिला राउंड हाताने कॉक करून चेंबरमध्ये जातो, पुढचे राउंड गॅसच्या जोराने मागे गेलेल्या बोल्टने. बोल्टचा वेग दोन्ही वेळा सारखा नसतो, त्यामुळे काही रायफलींत पहिली गोळी ग्रुपपासून वेगळी पडते. दुर्बिणीतून प्रत्येक छिद्र पाहून त्याला क्रमांक दिला तरच हे कळते. पाच छिद्रांपैकी दूरचे छिद्र दर वेळी पहिलेच निघाले, तर ती रायफलीची सवय असते आणि लॉटच्या नावावर तो दोष लिहायचा नसतो.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या लांबीची. बोल्ट काडतूस मॅगझिनमधून खेचतो तेव्हा गोळीचे टोक चेंबरच्या तोंडाशी घासते, कधी आदळते. पुंगळीच्या गळ्याने गोळी घट्ट धरली नसेल तर ती आत दबते आणि दारूसाठीची जागा कमी होऊन दाब वाढतो. कारखान्याच्या काडतुसात गळा गोळीवर आवळलेला असतो. हाताने भरलेल्या काडतुसात हे तपासायचे तर ते मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून न झाडता बाहेर काढतात आणि आधीची व नंतरची लांबी ताडून पाहतात. लांबी बदलली तर त्या काडतुसाची परीक्षा तिथेच थांबते. पुन्हा भरायच्या पुंगळीचा आकारही चेंबरमध्ये सहज बसेल असा पुरता परत आणावा लागतो. बोल्ट हाताने बंद करायच्या रायफलीत जरा घट्ट पुंगळी दाबून बसवता येते. अर्धस्वयंचलित रायफलीत तशी पुंगळी अडकली तर बोल्ट अर्धवट बंद राहतो. अमेरिकेच्या एम-१४ सारख्या रायफलींत फायरिंग पिनला मागे धरणारी स्प्रिंग नसते आणि बोल्ट बंद होताना पिन प्राइमरवर हलकेच टेकते. अशा रायफलींत प्राइमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा उंच राहिलेला चालत नाही.

तिसरी गोष्ट गॅसची. एस.एल.आर.मध्ये गॅस रेग्युलेटर असतो. पिस्टनला गॅस कमी मिळाला तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुढचा राउंड चढत नाही. जास्त मिळाला तर बोल्ट जोरात आदळतो, रायफलीला धक्का बसतो आणि पुंगळी लांब भिरकावली जाते. एका लॉटवर बसवलेला रेग्युलेटर दुसऱ्या लॉटला जुळेलच असे नाही. म्हणून नवा लॉट आला की आधी रायफल अडखळत नाही ना हे पाहतात, मगच ग्रुप घेतात. अडखळणाऱ्या रायफलीवर काढलेला ग्रुप परीक्षेत धरत नाहीत, कारण दर थांब्यानंतर जवानाची पकड बदललेली असते.

जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या उचलून पाहणे हा या कामाचा मोठा भाग आहे. अनुभवी आर्मरर मूठभर पुंगळ्या तळहातावर ओळीने लावतो आणि एकेक फिरवून पाहतो. गळ्याभोवती काजळी थोडी असेल तर ठीक; ती अंगापर्यंत उतरली असेल तर पुंगळी चेंबरला वेळेवर चिकटली नाही, म्हणजे दाब कमी पडला असण्याची शक्यता असते. प्राइमरच्या कडा सपाट होऊन खळगीत पसरल्या असतील तर दाब जास्त झाल्याची शंका येते. पिनची खूण मधोमध आहे का, बुडाच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरचा ओरखडा किती खोल आहे, तोंड चेपले आहे का, हेही तिथेच दिसते. चेपलेले तोंड बहुधा रायफलीच्या अंगावर आदळल्याने झालेले असते, काडतूस झाडताना झालेले नसते. एकट्या पुंगळीवरून निकाल देता येत नाही. सगळ्या पुंगळ्यांवर तीच खूण असेल तर तिचा विचार करायचा.

सर्वाधिक चुका मोजणीत होतात. तीन गोळ्यांचा सुबक ग्रुप पाहून ‘हा लॉट चांगला’ असे म्हणण्याचा मोह सगळ्यांना होतो. ग्रुप मोजण्याची रूढ रीत म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर. गोळ्या जितक्या जास्त तितके हे अंतर वाढत जाते, कारण दूर पडणारी एखादी गोळी येण्याची संधी वाढते. गणिताने पाहता, ज्या रायफलीचे पाच गोळ्यांचे ग्रुप सरासरी १० सेंटिमीटर येतात, तिचेच तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी पावणेआठ सेंटिमीटर आणि दहा गोळ्यांचे साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास येतील. शिवाय रायफल, काडतूस आणि माणूस काहीही न बदलता पाच गोळ्यांचा ग्रुप कधी सात, कधी तेरा सेंटिमीटर येणे अगदी स्वाभाविक आहे. एका लॉटचा आठ आणि दुसऱ्याचा अकरा आला एवढ्यावरून पहिला लॉट सरस ठरत नाही.

यावर उपाय दोन. पहिला, दोन्ही लॉटचे अनेक ग्रुप घेऊन सरासरी काढणे. दुसरा, टोकाच्या दोन छिद्रांऐवजी सगळी छिद्रे हिशेबात धरणे: ग्रुपचा मध्य काढून प्रत्येक छिद्र त्या मध्यापासून किती दूर आहे ते मोजायचे आणि त्या अंतरांची सरासरी घ्यायची. यात प्रत्येक राउंड काहीतरी सांगतो, आणि जिथे जवानाच्या वाट्याला येणारे राउंड मोजकेच असतात तिथे ही काटकसर फार मोलाची ठरते. दूर गेलेले छिद्र ‘ते हातून सुटले’ म्हणून वगळायचे नाही, हा कडक नियम. चाप ओढतानाच नेमबाजाने हाक देऊन सांगितले असेल की नेम हलला, तरच ते छिद्र बाजूला ठेवता येते; कागद पाहिल्यानंतर आठवलेली सबब चालत नाही.

दोन लॉटची तुलना करताना ते आलटून पालटून झाडावे लागतात. आधी एक लॉट संपवून मग दुसरा घेतला तर दुसऱ्याच्या वाट्याला तापलेली नळी, चढलेले ऊन आणि थकलेला खांदा येतो. मॅगझिन भरणारा एक आणि झाडणारा दुसरा असावा, आणि झाडणाऱ्याला लॉट सांगू नये. चांगल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काडतुसावर माणूस नकळत अधिक मन लावतो.

गोळीचा वेग राउंडागणिक किती बदलतो हे क्रोनोग्राफवर कळते. कागदावर त्याचा परिणाम अंतरानुसार दिसतो. एस.एल.आर.ची गोळी सुमारे ८३० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. त्या वेगात १० मीटरचा फरक पडला तरी शंभर मीटरवर गोळी दोनएक मिलिमीटरच वरखाली होते. जवानाच्या ग्रुपमध्ये ते लपून जाते. तीनशे मीटरवर तोच फरक जवळपास दोन सेंटिमीटरचा होतो. ऑलिंपिकच्या .२२ रायफलीत गणित पार बदलते. तिची गोळी सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंदाने, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जरा कमीच वेगाने जाते, आणि १० मीटरचा फरक ५० मीटरवर गोळी सात ते आठ मिलिमीटर सरकवतो. तिथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक ४५१.४ गुणांवर मिळवले. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. .२२ काडतुसाचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असल्याने ते पुन्हा भरता येत नाही. म्हणून वरच्या पातळीचे नेमबाज आपल्या नळीला जुळणारी बॅच शोधण्यासाठी निरनिराळ्या बॅच ५० मीटरवर तपासून घेतात आणि जुळली तीच बॅच मोठ्या संख्येने घेऊन ठेवतात. एका नळीला आवडलेली बॅच शेजारच्या नळीत सामान्य ठरू शकते.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात, आणि इथल्या हवेचा परीक्षेवर थेट परिणाम होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. उन्हात राहिलेल्या पेटीतली दारू अधिक जोमाने जळते, दाब आणि वेग वाढतो. सकाळी सावलीतल्या आणि दुपारी उन्हात तापलेल्या काडतुसांचे ग्रुप एकत्र धरता येत नाहीत. तापलेल्या चेंबरमध्ये राउंड घालून जवान नेम धरत बसला तरी तोच परिणाम होतो. दहा वाजले की काळ्या रानावरून झळा उठू लागतात आणि टार्गेटचा काळा भाग थरथरताना दिसतो. नेम त्या थरथरीवर बसतो. पावसाळ्यात झळा नसतात, पण पश्चिमेचा वारा असतो. चार मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा तीनशे मीटरवर ७.६२ ची गोळी जवळपास वीतभर बाजूला नेतो, आणि तो एका वेगाने वाहत नाही. म्हणून काडतुसाची परीक्षा सूर्य वर येण्याआधी, वारा पडलेला असताना आणि शंभर मीटरवर उरकण्याची रीत आहे. लांबची परीक्षा त्यानंतर, निवडलेल्या लॉटवर.

परीक्षेचे शेवटचे काम नोंद. कागदाच्या कोपऱ्यात रायफलीचा नंबर, लॉट, तारीख, वेळ, अंतर, हवा, वारा आणि झाडणाऱ्याचे नाव लिहितात. छिद्रांना क्रमांक देतात. अशी नोंद असली की जवानाचा ग्रुप बिघडला तेव्हा कारण शोधायला आधार मिळतो. नोंद नसली की दोष कमजोराच्या माथी बसतो, आणि मैदानावर तो बहुधा नवा भरती झालेला जवान असतो. त्याच्या हातातली रायफल मागच्या लॉटवर झिरो केलेली असू शकते, तिचा रेग्युलेटर बदललेला असू शकतो, नळीत तेल राहिलेले असू शकते. त्याला ‘तुझा नेम कच्चा’ म्हणण्याआधी या तिन्ही गोष्टी पाहणे हे शिकवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

लॉट निवडला की त्यावर प्रत्येक रायफल नव्याने झिरो करतात, रेग्युलेटर पुन्हा बसवतात आणि त्या लॉटचे काही राउंड पुढच्या तुलनेसाठी राखून ठेवतात. पुढचा लॉट आला की तो त्यांच्याशी आलटून पालटून झाडून पाहतात.